काँक्रीटचे घड्याळ

शेजारच्या घराचा स्लॅब पडताना तुम्ही पाहिला असेल. सकाळपासून खडी, वाळू आणि सिमेंटच्या गोण्या तयार असतात. मिक्सर घरघरू लागला की भरलेली घमेली हातोहात वर जातात. दुपारी सगळे मजूर एकदम जेवायला बसत नाहीत. निम्मे जेवतात, निम्मे काम करतात. मिस्त्री सारखा ओरडत असतो, "थांबू नका!" त्याला एवढी घाई कशाची असते?

सिमेंटमध्ये पाणी मिसळताच एक रासायनिक क्रिया सुरू होते. काँक्रीट वाळून कडक होते, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. चिखल वाळून कडक होतो. सिमेंट पाण्याशी संयोग पावून कडक होते. म्हणूनच काँक्रीट पाण्याखालीसुद्धा घट्ट होते आणि नव्या स्लॅबवर आपण कित्येक दिवस पाणी मारतो. साधे सिमेंट ३० मिनिटांच्या आत घट्ट होऊ लागता कामा नये आणि १० तासांच्या आत ते पुरते घट्ट झाले पाहिजे, असा भारतीय मानकाचा नियम आहे. तेवढ्या वेळात माल मिसळायचा, वाहायचा, ओतायचा आणि दाबून बसवायचा असतो.

आता समजा, मध्येच मिक्सर बंद पडला. पहिला थर घट्ट झाला आणि दोन-चार तासांनी त्यावर दुसरा थर ओतला. वरून दोन्ही एकच दिसतील, पण ते एकजीव झालेले नसतात. त्यांच्यामध्ये एक सांधा राहतो. पुढे पावसाळ्यात छत गळू लागते, ते बहुधा अशाच सांध्यातून. मग वरून कितीही गिलावा करा!

घराच्या स्लॅबची ही गोष्ट झाली. आता हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथला चला. हे गाव जुन्या दगडी मंदिरामुळे प्रसिद्ध आहे. त्याच्याजवळ 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. दूर अवकाशात घडलेल्या प्रचंड घटनांमुळे उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी तेथे टिपायच्या आहेत. त्यासाठी काटकोनात दोन भुजा लागतात आणि प्रत्येक भुजा ४ किलोमीटर लांब असते. पृथ्वी गोल असल्यामुळे एवढ्या अंतरात जमीन सरळ रेषेपासून सुमारे सव्वा मीटर खाली जाते. प्रकाशाचा किरण मात्र वाकत नाही. म्हणून अमेरिकेतील अशा वेधशाळा बांधताना नळीखालचे काँक्रीट फार काळजीपूर्वक, अचूक पातळीत ओतावे लागले.

चार किलोमीटरचे काम एका दिवसात होत नाही. ते तुकड्यातुकड्यांनी करतात आणि कोठे थांबायचे ते आधीच ठरवतात. ठरवून ठेवलेला सांधा चालतो. नकळत पडलेला सांधा घातक असतो. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा! पारा ४० अंशांच्या वर गेला की सिमेंटची क्रिया आणखी वेगाने होते. मग मोठ्या कामावर काँक्रीटला थोडे थांबवून धरावे लागते. पाण्याऐवजी काही भाग बर्फ घालतात, खडीवर सावली करतात, रात्री काम करतात. आणखी एक उपाय आहे. तो ऐकून तुम्हांला हसू येईल.

तो उपाय म्हणजे साखर! आपल्या चहातली साखर सिमेंटच्या कणांना चिकटते आणि पाण्याची क्रिया काही काळ रोखून धरते. ५० किलोच्या एका गोणीला सुमारे २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे, मिळाली तर घट्ट होण्याची वेळ साधारण चार तासांनी लांबते. मोठ्या कामांवर मात्र साखरेऐवजी कारखान्यात तयार केलेली द्रव्ये वापरतात. त्यांपैकी एक तर कागदासाठी लाकडाचा लगदा करताना उरलेल्या द्रवापासून बनते. रोखलेली क्रिया पुढे पुन्हा सुरू होते आणि प्रमाण योग्य असेल तर काँक्रीटची अंतिम ताकद कमी होत नाही.

पण हा प्रयोग घरी करू नका. मूठभर साखर जास्त पडली तर काँक्रीट कित्येक दिवस मऊच राहील, कदाचित कधीच नीट घट्ट होणार नाही. प्रमाण बरोबर असले तरी सेंट्रिंगच्या फळ्या जास्त दिवस ठेवाव्या लागतात. शिवाय मऊ काँक्रीटवर ऊन-वारा लागला की वरचे पाणी उडून जाते आणि बारीक भेगा पडतात. म्हणून त्यावर ओले गोणपाट पसरतात.

यासाठी अभियंते आधी नमुन्याचे मिश्रण करून पाहतात. तेच सिमेंट, तेच पाणी, तेच ऊन. शेजारी घड्याळ ठेवून दर थोड्या वेळाने ते मिश्रण तपासतात आणि वेळ वहीत लिहितात. काँक्रीटचा ट्रक किती वाजता निघाला पाहिजे, हे त्या वहीवरून ठरते.