टँकची लाइट ऑनलाइन घेताय? आधी ॲडॉप्टर बघा!

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीसारखा लिहून ठेवतोय.

नाशिकच्या एका श्रोत्याचा मेसेज आलाय : "दादा, दोन फुटी टँक आहे, खरी झाडं लावायची आहेत. ॲपवर एक लाइट १८ वॅटची आहे, दुसरी ९० वॅटची. आणि ९० वाली स्वस्त! पहिल्या स्टायपेंडमधून घेतोय, पैसे पाण्यात जायला नकोत."

प्रश्न एकदम बरोबर आहे. चला, एकेक करून बघू.

पहिली गोष्ट, वॅट म्हणजे उजेड नाही. वॅट म्हणजे लाइट किती वीज खाते तो आकडा. आणि तोही खरा आहे का, हे घरबसल्या तपासता येतं. लिस्टिंगमध्ये ॲडॉप्टरचा फोटो शोधा, झूम करा. त्यावर आउटपुट लिहिलेलं असतं, समजा १२ व्होल्ट, २ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार करा : २४ वॅट. म्हणजे तो ॲडॉप्टर २४ वॅटपेक्षा जास्त देऊच शकत नाही. मग वर मोठ्या अक्षरात ९० लिहिलेलं असो नाहीतर ९००! ॲडॉप्टरचा फोटोच नसेल तर विक्रेत्याला मागा. देत नसेल तर पुढे चला.

दुसरी गोष्ट, ल्युमेन. हा खरा उजेडाचा आकडा. हौशी मंडळी एक ढोबळ हिशोब धरतात : सोप्या झाडांना लिटरमागे १० ते २० ल्युमेन, मध्यम झाडांना २० ते ४०, आणि जमिनीवर हिरवळीसारखी पसरणारी कार्पेट झाडं हवी असतील तर ४० च्या वर. आपल्या मित्राचा टँक २४ बाय १२ बाय १२ इंच, म्हणजे साधारण ५७ लिटर. माती-दगड वजा केले की पाणी ५० लिटरच्या आसपास. २० ने गुणलं की १००० ल्युमेन. चांगली एलईडी वॅटला ८० ते १०० ल्युमेन देते. म्हणजे अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन यांच्यासाठी खरी १८ वॅटची लाइट पुरून उरते.

एक बारकावा सांगतो. ल्युमेन माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतात आणि आपल्या डोळ्याला हिरवा रंग सर्वांत तेजस्वी दिसतो. झाडं ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश वापरतात, त्यात लाल आणि निळाही आला. त्या प्रकाशाच्या मापाला 'पार' म्हणतात. त्यामुळे लाल-निळे दिवे जास्त असलेल्या लाइटचे ल्युमेन कमी दिसले तरी झाडांना ती चालते. कंपनीने पारचा आकडा आणि तो किती खोलीवर मोजला हे दिलं असेल तर ते जास्त भरवशाचं. खोली न सांगता दिलेल्या आकड्याला मात्र अर्थ नाही, कारण खाली जाताना प्रकाश कमी होत जातो.

तिसरी गोष्ट, केल्विन. हा प्रकाशाचा रंग. ६५०० च्या आसपास दिवसाच्या उजेडासारखा पांढरा मिळतो, झाडं छान वाढतात आणि डोळ्यालाही बरं वाटतं. फार निळसर लाइट बहुतेक समुद्री टँकसाठी असते, ती नको.

आता कोणी म्हणेल, "जास्तीची घेऊन ठेवू, कामाला येईल." थांबा! शेतातलं उदाहरण घ्या. ऊन भरपूर आणि खत काहीच नाही, तर पीक येईल का? टँकमध्ये पाण्याची कमी नाही, कमी असते कार्बनची. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा पाण्यात साधारण १०,००० पट हळू पसरतो. झाडांना तो पुरेसा मिळाला नाही तर जास्तीचा उजेड शेवाळाच्या घशात जातो. म्हणून सिलिंडर लावणार नसाल तर जोरदार लाइटवर खर्च करू नका. त्याऐवजी टायमर घ्या आणि रोज ६ ते ८ तास ठेवा. १८ वॅट रोज ७ तास म्हणजे महिन्याला ४ युनिटपेक्षाही कमी. विजेच्या बिलाची चिंता नको.

आता सगळ्यांत महत्त्वाचं : पाणी आणि वीज शेजारी-शेजारी आहेत. नुसतं "वॉटरप्रूफ" या शब्दावर जाऊ नका, आयपी रेटिंग बघा. ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल, ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास पडली तरी टिकेल. ॲडॉप्टरवाली लाइट घेतली की टँकवर कमी व्होल्टेज येतं. घरातली साधी ६५०० केल्विनची पट्टीसुद्धा झाडं वाढवते, पण तिच्यात थेट २३० व्होल्ट असतात. ती उघड्या पाण्यावर टेकवायची नाही म्हणजे नाही! वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाऊ द्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये न शिरता खाली गळेल. आणि पाण्यात हात घालण्याआधी सगळी बटणं बंद.

ऑर्डर करण्याआधी टेप घेऊन टँकची बाहेरची लांबी आणि काचेची जाडी मोजा. लाइटचे पाय किती लांब सरकतात, क्लिप किती जाड काचेवर बसते, हे लिस्टिंगशी जुळवा. परत पाठवायची वेळ बऱ्याचदा एवढ्यामुळेच येते.

पार्सल आलं की फोडताना सलग व्हिडिओ काढा. परतीची मुदत संपायच्या आत लाइट रोज ७-८ तास चालवा. लुकलुकते का, ॲडॉप्टर हाताला चटका बसेल इतका तापतो का, सगळे दिवे लागतात का, हे बघा. झाडांवरून मात्र इतक्यात निकाल लावू नका. नर्सरीत बरीच झाडं पाण्याबाहेर वाढवलेली असतात. टँकमध्ये आल्यावर त्यांची जुनी पानं गळतात, क्रिप्टोकोरीनची तर हमखास. लाइट पुरते की नाही, हे नवीन पानं सांगतील.

विक्रेता ऐकत नसेल तर ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. तरीही हललं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

तर नाशिककर मित्रा, १८ वॅटवालीच्या ॲडॉप्टरचा गुणाकार जुळत असेल तर बिनधास्त तीच घे. उरलेल्या पैशात टायमर आणि झाडं. बाकी मंडळी, तुमच्या टँकचं माप आणि लिस्टिंगचा स्क्रीनशॉट पाठवा, पुढच्या भागात हिशोब करू. भेटूच!