मिलिंद साहित्य परिषद : एका महाविद्यालयीन मंडळाचे वाङ्मयीन कार्य

महाविद्यालयातील वाङ्मयमंडळ म्हणजे उद्घाटनाचे भाषण, एक काव्यवाचन आणि वर्षअखेरचा अहवाल, असा सर्वसाधारण समज आहे. वाङ्मयेतिहासकारही अशा मंडळांची दखल सहसा घेत नाहीत. मात्र औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील मिलिंद साहित्य परिषदेचा विचार करता ही उपेक्षा समर्थनीय ठरत नाही.

या परिषदेमागे नागसेनवनाची पार्श्वभूमी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली येथे महाविद्यालय सुरू केले. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि येथील महाविद्यालये उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होती. मराठवाडा विद्यापीठ 1958 साली स्थापन झाले. ज्यांच्या घराण्यात अक्षरओळखही नव्हती, असे अनेक विद्यार्थी येथे प्रथमच उच्च शिक्षण घेऊ लागले. त्यांना पाठ्यपुस्तकांतून भेटणारे मराठी साहित्य आणि त्यांचे स्वतःचे जीवन यांत मोठे अंतर होते.

हे अंतर ओलांडण्याचा पहिला ठळक प्रयत्न रंगभूमीवर झाला. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक 1955 साली विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांच्या उपस्थितीत सादर केले. पुढे 1956 साली नागपूरच्या धर्मांतर सोहळ्याच्या निमित्तानेही त्याचा प्रयोग झाला. स्नेहसंमेलनातील नाटक अशा रीतीने एका सामाजिक स्थित्यंतराचा भाग बनले.

दुसरा टप्पा साठोत्तरी काळातील आहे. अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेले डॉ. म. ना. वानखडे यांना तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय होता. दलितांच्या लेखनाकडे त्या साहित्याच्या संदर्भात पाहण्याची दृष्टी त्यांनी दिली. मिलिंद साहित्य परिषदेच्या व्यासपीठावरून दलित साहित्याच्या स्वरूपाची चर्चा सुरू झाली आणि 1967 च्या सुमारास ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले. तेच पुढे ‘अस्मितादर्श’ या नावाने प्रसिद्ध झाले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 2018 साली झालेल्या निधनापर्यंत, म्हणजे सुमारे पाच दशके, त्याचे संपादन केले.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. मुंबईत 1958 साली दलित साहित्य संमेलन भरले होते. म्हणजे संकल्पना नवी नव्हती. संमेलन दोन दिवसांत संपते. नियतकालिकाला मात्र दर अंकासाठी लेखक शोधावा, घडवावा लागतो. नवोदितांचे लेखन छापणे, त्यावर समीक्षा घडवून आणणे, आणि लेखक-वाचक मेळाव्यांतून दोघांना समोरासमोर आणणे, हे सातत्य ‘अस्मितादर्श’ने राखले. दलित साहित्याची समीक्षा दलितांच्याच अनुभवातून उभी राहावी, हा आग्रह त्यातून दृढ झाला.

दलित पँथरच्या 1972 मधील स्थापनेपासून या साहित्याचा इतिहास सांगण्याची प्रथा अध्यापनात रूढ आहे. पँथरचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. तथापि या मांडणीत औरंगाबादची पूर्वतयारी झाकोळली जाते. परिणामी दलित साहित्य म्हणजे केवळ उद्रेक, असा ग्रह विद्यार्थ्यांच्या मनात बळावतो. वस्तुतः त्यामागे वर्ग, वसतिगृह, ग्रंथालय आणि वाङ्मयमंडळ यांतून झालेले दीर्घ वैचारिक मंथनही आहे.

महाविद्यालयांचे जुने वार्षिकांक आणि मंडळांची इतिवृत्ते आज कपाटांत जीर्ण होत आहेत. ती वाङ्मयेतिहासाची प्राथमिक साधने आहेत, हे मिलिंद साहित्य परिषदेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. त्यांचे जतन आणि अभ्यास ही मराठी विभागांची जबाबदारी ठरते.