वीजबिलातून उलगडणारा अभ्यासक्रम

मुलाला घरीच शिकवायचं ठरलं की पहिल्याच आठवड्यात भिंतीवर वेळापत्रक लागतं. आठ ते नऊ गणित, नऊ ते दहा इंग्रजी, मग मधली सुट्टी. महिन्याभरात मूल कंटाळतं आणि आई दमून जाते. तासिका ही चाळीस-पन्नास मुलं आणि एक शिक्षक यांच्यासाठीची सोय आहे. घरी एकट्या मुलाला भागाकार समजायला अर्धा तास पुरतो. उरलेला अर्धा तास त्याला नुसतं बसवून ठेवण्यात जातो.

वेळापत्रकाआधी दोन प्रश्न सोडवायला हवेत. मुलाला आज नेमकं काय येतं? आणि ते पुढे कोणत्या परीक्षेला बसणार?

पहिल्या प्रश्नाला बालभारतीची पुस्तकं कामाला येतात. ई-बालभारतीवर ती विनामूल्य मिळतात. तिसरीपासून पुढच्या गणिताच्या पुस्तकांतली शेवटची उदाहरणं द्यावीत आणि मूल कुठे अडतं ते पाहावं. एखादं मूल मराठीत सहावीचं आणि गणितात तिसरीचं निघेल. यात घाबरण्यासारखं काही नाही. शाळेत त्याला एकाच इयत्तेत बसावं लागलं असतं, घरी दोन इयत्ता एकाच वेळी चालू शकतात.

रोज ठरलेल्या वेळी वाचन आणि आकडेमोड, एवढं बंधन पुरे. बाकीचे विषय महिना-महिना एकेका धाग्याने शिकवता येतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी घरचं वीजबिल घ्या. चालू रीडिंगमधून मागचं रीडिंग वजा केलं की वापरलेली युनिटं मिळतात. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, पुढच्यांना चढता दर. मुलाने स्वतः हिशेब करून रक्कम जुळवायची. जुळत नाही, तेव्हा स्थिर आकार आणि वीज शुल्क बिलात शोधायचं, इथे टक्केवारी आपोआप येते. जुनी बिलं काढून महिन्यांचा आलेख काढला की मे महिन्याचा खांब उंच का, हा प्रश्न मूलच विचारतं. मग वीज येते कुठून? नकाशावर कोयना. कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला पोफळीकडे सोडलं जातं आणि त्या उतारावर वीज तयार होते. तिथून ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपापर्यंत गोष्ट जाते आणि आजी-आजोबांकडे त्या पहाटेची आठवण असेल तर इतिहासाचा तास घरातच होतो. हे सगळं तारखेसह एका वहीत लिहून ठेवावं. वर्षाअखेरीस तीच वही प्रगतिपुस्तक ठरते.

दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र अनेक पालक उशिरा वळतात. मुंबईच्या मालविका जोशीने सातवीच्या सुमारास शाळा सोडली, प्रोग्रॅमिंगमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची पदकं मिळवली आणि २०१६मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश घेतला. आयआयटीचं दार मात्र बारावीचं प्रमाणपत्र नसल्याने तिला बंद होतं. प्रत्येक मुलाजवळ ऑलिंपियाडची पदकं नसतात. म्हणून मूल बारा वर्षांचं होईपर्यंत परीक्षेचा मार्ग ठरलेला असावा.

२००९चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतो. घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी त्यात शिक्षेची तरतूद नाही, तसा वेगळा परवानाही नाही. परीक्षांचे मार्ग उघडे आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, वर्षातून दोनदा दहावीची परीक्षा घेते आणि विषय निवडीत मोकळीक देते. महाराष्ट्राचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी, आठवीचीही परीक्षा घेतं. राज्य मंडळाच्या दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बसता येतं.

हा मार्ग प्रत्येक घराला झेपणारा नाही. एका मोठ्या माणसाचा दिवसाचा बराच वेळ यात जातो आणि मुलाला सवंगडी मुद्दाम मिळवून द्यावे लागतात: मैदान, वाचनालय, नाटकाचा वर्ग. तेही आखणीतच लिहायला हवं.

ज्यांचा विचार पक्का झाला आहे, त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्मदाखला हाताशी ठेवावा. एनआयओएसच्या दहावीसाठी १४ वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात.