ऑस्लोतली रिकामी खुर्ची

१० डिसेंबर २०१० रोजी ऑस्लोच्या नगरभवनात शांततेच्या नोबेल पारितोषिकाचं मानपत्र एका रिकाम्या खुर्चीवर ठेवण्यात आलं. मानकरी लिऊ शिआओबो तेव्हा ईशान्य चीनमधल्या तुरुंगात अकरा वर्षांची शिक्षा भोगत होते. त्यांची पत्नी लिऊ शिया बीजिंगमध्ये राहत्या घरी नजरकैदेत होती. तिच्यावर तर कसला आरोपही नव्हता. अभिनेत्री लिव्ह उल्मन यांनी लिऊंचं न्यायालयातलं निवेदन वाचून दाखवलं. आपलं कुणाशी वैर नाही, असं सांगणारं ते निवेदन होतं. चीनमध्ये त्यानंतर ‘रिकामी खुर्ची’ हे शब्दसुद्धा इंटरनेटवर अडवले जाऊ लागले.

लिऊ हे साहित्याचे अभ्यासक आणि समीक्षक. १९८९ च्या वसंतात ते न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात होते. तिथेच राहिले असते, तर कुणी बोल लावला नसता. ते परतले, बीजिंगमधल्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनात उतरले, तिआनमेन चौकात उपोषणाला बसले आणि ४ जूनच्या पहाटे, रणगाडे येऊन ठेपले असताना, त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी सैन्याशी बोलणी करून उरलेल्या विद्यार्थ्यांना चौकातून जिवंत बाहेर काढलं. माझ्या मते शांततेचं पारितोषिक त्या एका पहाटेसाठीही देता आलं असतं. शिक्षा मात्र झाली ती ‘सनद ०८’ या मसुद्यामुळे आणि काही लेखांमुळे. एकपक्षीय सत्ता संपावी, न्यायालयं स्वतंत्र व्हावीत, बोलण्याचं स्वातंत्र्य मिळावं, अशा मागण्या करणाऱ्या या सनदेवर सुरुवातीलाच ३०३ जणांनी सह्या केल्या होत्या. ती जाहीर होण्याच्या दोन दिवस आधीच लिऊंना उचलण्यात आलं. २००९ च्या नाताळच्या दिवशी शिक्षा सुनावली गेली. आरोप होता, राज्यसत्ता उलथवण्यास चिथावणी दिल्याचा.

चीनचा आक्षेप दुहेरी होता. एक, लिऊ हे शिक्षा झालेले गुन्हेगार आहेत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार. नोबेल यांच्या १८९५ च्या मृत्युपत्रात राष्ट्रांमधला बंधुभाव, खड्या सैन्याची कपात आणि शांतता परिषदा यांचा उल्लेख आहे. मानवी हक्कांचा नाही. मग देशांतर्गत विरोधकाला हे पारितोषिक कसं? पाश्चात्त्य अभ्यासकांपैकीही काहींनी समितीवर मृत्युपत्रापासून दूर गेल्याचा ठपका ठेवला आहे. खुद्द लिऊंवरही टीका झाली. इराक युद्धाची त्यांनी केलेली पाठराखण अनेकांना खुपली, तर परदेशात आसरा घेतलेल्या काही चिनी विरोधकांना ते सरकारबाबत फार मवाळ वाटत. इराकबाबतचा आक्षेप मलाही पटतो. पण आपल्याच नागरिकांना बोलू न देणाऱ्या राजवटीच्या हाती शेजाऱ्यांची शांतता सुरक्षित राहत नाही, हे १९३० च्या दशकानं दाखवून दिलं होतं.

जर्मन पत्रकार कार्ल फॉन ओसिएट्स्की यांनी जर्मनीच्या छुप्या शस्त्रसज्जतेला वाचा फोडली होती. त्यांना १९३५ सालचं पारितोषिक १९३६ मध्ये जाहीर झालं, तेव्हा ते नाझी छळछावणीत खंगून क्षयानं आजारी होते. त्यांना ऑस्लोला जाऊ दिलं नाही. हिटलरनं पुढे जर्मनांना नोबेल स्वीकारायलाच बंदी केली आणि स्वतःचं राष्ट्रीय पारितोषिक सुरू केलं. २०१० मध्येही ऑस्लोच्या समारंभाच्या आदल्या दिवशी बीजिंगमध्ये ‘कन्फ्यूशियस शांतता पारितोषिक’ उभं राहिलं. ओसिएट्स्कींच्या वेळी नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री जर्मनीच्या रोषाच्या भीतीनं समितीतून बाजूला झाले होते. मंत्रिपदावर असलेल्यांना समितीत घ्यायचं नाही, हा नियम त्यानंतरच आला. पाच सदस्यांची ही समिती नॉर्वेची संसद नेमते, पण निर्णयात सरकारचा हात नसतो.

चीननं हा फरक मानलाच नाही. व्यापार कराराची बोलणी थांबली, नॉर्वेच्या सॅल्मन माशाची चीनमधली आयात घसरली, मंत्र्यांच्या भेटी बंद झाल्या. हे सहा वर्षं चाललं. २०१४ मध्ये दलाई लामा आपल्या नोबेलच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त ऑस्लोला आले, तर सरकारमधल्या कुणीही त्यांची भेट घेतली नाही. ज्या समितीनं लिऊंना निवडलं ती डगमगली नाही. ज्या सरकारचा निवडीशी संबंधच नव्हता ते वाकलं. डिसेंबर २०१६ मध्ये दोन्ही देशांचे संबंध पूर्ववत झाले. २०१० च्या समारंभावर बहिष्कार घाला, असा दबाव इतर देशांवरही होता. पाकिस्तान, रशिया, सौदी अरेबिया गैरहजर राहिले. चीनचे पंतप्रधान वेन जिआबाओ पाचच दिवसांत दिल्लीला येणार होते, तरी भारताचे राजदूत सभागृहात हजर होते. आपल्या परराष्ट्र धोरणातली ही हजेरी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मे २०१७ मध्ये लिऊंच्या यकृताच्या कर्करोगाचं निदान झालं, तेव्हा तो शेवटच्या टप्प्यात होता. उपचारांसाठी परदेशी जाण्याची त्यांची इच्छा मान्य झाली नाही. १३ जुलैला शेनयांगच्या रुग्णालयात, पहाऱ्यातच ते गेले. ओसिएट्स्कींनंतर कैदेत असताना मरण पावलेले ते पहिले शांतता नोबेल मानकरी. दोनच दिवसांत त्यांच्या अस्थी समुद्रात सोडण्यात आल्या. वर्षभरानं लिऊ शिया यांना बर्लिनला जाऊ दिलं. लिऊंचं थडगं चीनमध्ये कुठेही नाही.