गांठीची परीक्षा

आपल्या भाषेंत गांठींचे दोन प्रकार पूर्वापार मानलेले आहेत. ओढतांच सहज सुटते ती सुरगांठ, आणि नखें मोडलीं तरी सुटत नाहीं ती निरगांठ. परंतु भार पडला असतां कोणती गांठ किती टिकेल आणि कोणती आपल्याआप सुटेल, हें केवळ या दोन नांवांवरून कळत नाहीं. तें प्रयोगानेंच ठरवावें लागतें. गिर्यारोहकांच्या दोरासंबंधानें असे प्रयोग कसे झाले व त्यांतून काय निष्पन्न झालें, याची थोडीशी माहिती आमच्या विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या पालकांना करून द्यावी, असें आम्हीं योजिलें आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वेधण्यास एक क्षुल्लक प्रसंग कारण झाला. आमच्या घरच्या विहिरीवर वर्षानुवर्षें काथ्याचा दोर असे. तो झिजला म्हणून बाजारांतून नायलॉनचा गुळगुळीत दोर आणला व पोहऱ्याच्या कडीला नेहमींचीच गांठ मारली. दोन दिवस पाणी सुरळीत आलें. तिसऱ्या दिवशीं भरलेला पोहरा अर्ध्यावर आला असतां हातांतील दोर एकाएकीं हलका झाला व खालीं धपकन् आवाज आला. दोर वर ओढून पाहतों, तों त्याचा शेवट अगदीं शाबूत! दोर तुटला नव्हता. गांठ सुटली होती. काथ्याच्या खरखरीत अंगावर जी गांठ घट्ट बसत असे, ती नायलॉनच्या निसरड्या अंगावर सरकत सरकत मोकळी झाली होती. पोहरा गळानें काढतां आला. पण पोहऱ्याच्या ठिकाणीं विहिरींत उतरलेला मनुष्य असता तर काय झालें असतें, हा विचार मनांतून कांहीं केल्या जाईना.

या प्रसंगावरून असें ध्यानांत आलें कीं, गांठीविषयीं दोन निरनिराळे प्रश्न विचारावयास पाहिजेत. गांठ मारल्यानें दोराचें बळ किती घटतें, हा पहिला. आणि मारलेली गांठ मारलेलीच राहील असा भरंवसा किती, हा दुसरा. दोर तुटेपर्यंत ओढला म्हणजे पहिल्याचें उत्तर मिळतें. दुसऱ्याचें उत्तर तेवढ्यानें मिळत नाहीं; कारण एकदां जोरानें ओढली असतां घट्ट बसणारी गांठ, सैल पडून हिसके खात राहिली कीं हळूहळू सुटूं शकते. क्लिफर्ड ॲश्ली या अमेरिकन ग्रंथकारानें १९४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या गांठींच्या प्रचंड ग्रंथांत हा भेद स्पष्टपणें सांगितला आहे. भरंवशाची परीक्षा घेण्यासाठीं त्यानें मुद्दाम निसरडा धागा घेतला, निरनिराळ्या गांठींना एकसारखे हिसके दिले आणि कितव्या हिसक्याला कोणती गांठ सुटते तें मोजलें.

दोराला माणसाचा जीव टांगलेला असला म्हणजे हे प्रश्न किती निकडीचे होतात, हें युरोपांतील आल्प्स पर्वताच्या इतिहासावरून दिसतें. लंडन येथें १८५७ सालीं स्थापन झालेल्या अल्पाइन क्लबनें १८६४ सालीं एक समिति नेमून त्या वेळच्या दोरांची परीक्षा करविली. १२ स्टोन, म्हणजे सुमारें ७६ किलो वजन, १० फूट खालीं पडूं दिलें तरी दोर तुटतां कामा नये, अशी कसोटी त्या समितीनें लावून पाहिली, आणि कोणत्या गांठी माराव्या व कोणत्या टाळाव्या याचाही विचार केला.

पुढच्याच वर्षीं, १४ जुलै १८६५ रोजीं, एडवर्ड व्हिंपर व त्याचे सहा सोबती मॅटरहॉर्न शिखरावर प्रथमच पोहोंचले. उतरतांना हॅडो नांवाच्या तरुणाचा पाय घसरला व तो पुढें असलेल्या क्रोझ या वाटाड्यावर आदळला. त्या दोघांच्या हिसक्यानें हडसन व लॉर्ड फ्रान्सिस डग्लस हेही ओढले गेले. मागच्या तिघांनीं पाय रोवून दोर धरला. परंतु डग्लस व वाटाड्या पीटर टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला आणि ते चौघेही खालच्या हिमनदीवर कोसळून मृत्यु पावले. टाउगवाल्डरनें स्वतःच्या बचावासाठीं दोर कापला, असा प्रवाद उठला. चौकशींत तो निर्दोष ठरला. मजबूत दोर जवळ असतांना त्या दोघांच्या मध्यें सर्वांत जुना व कमजोर दोर बांधलेला होता, ही खरी गोष्ट. त्याचा तुकडा झर्माट येथील संग्रहालयांत ठेवलेला आहे. परीक्षा करून चांगला दोर निवडणें एवढ्यानें भागत नाहीं. तोच योग्य जागीं बांधला आहे कीं नाहीं, हेंही पाहावें लागतें.

आतां गांठीनें दोर कां दुबळा होतो तें पाहूं. सरळ ताणलेल्या दोरांत सर्व तंतू जवळजवळ सारखा भार उचलतात. दोराला वळण दिलें कीं बाहेरच्या अंगाचे तंतू अधिक ताणले जातात, आंतल्या अंगाचे चेपले जातात, आणि सर्वांचा भार थोड्यांवर पडतो. त्यांतच एक पदर दुसऱ्या पदराला दाबून घासतो. म्हणून दोर बहुधा गांठीच्या मध्यावर तुटत नाहीं. भार घेणारा पदर गांठींत शिरून पहिलें वळण जेथें घेतो तेथेंच तो तुटतो. वळण जितकें आंखूड, तितकी हानि अधिक. साध्या गांठीनें दोराचें सुमारें ६० ते ६५ टक्के बळ शिल्लक राहतें. खलाशांच्या बोलाईन गांठीनें बहुधा ६५ ते ७५ टक्के. आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दिसणारी जी गांठ गिर्यारोहक कमरेच्या पट्ट्याला मारतात, तिनें सुमारें ७५ ते ८० टक्के. हे आंकडे दोराची जात, जाडी व ओलेपणा यांप्रमाणें थोडे बदलतात.

हें मोजण्यांत एक गंमतीची अडचण आहे. गांठ नसलेल्या दोराचें बळ मोजावयाचें, तर तो यंत्राला बांधावयाचा कसा? बांधला कीं गांठ आली! यावर तोड अशी कीं, दोराचीं दोन्ही टोकें गुळगुळीत जाड नळकांड्याला अनेक वेढे देऊन अडकवावयाचीं. वेढ्यांच्या घर्षणानें ताण हळूहळू कमी होत जातो व टोंकाशीं फारसा राहतच नाहीं.

गिर्यारोहणाच्या दोरांचीही जात पालटली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत नायलॉनचे दोर प्रचारांत आले, आणि १९५३ सालीं जर्मनींत आंत गाभा व बाहेर विणलेलें आवरण असलेला दोर निघाला. हे दोर ताणले जाऊन पडणाऱ्याचा हिसका सौम्य करितात. १९३२ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघाच्या नियमांप्रमाणें, एकेरी वापराच्या दोराला ८० किलो वजन बांधून तें जवळजवळ ५ मीटर खालीं पाडतात, आणि असे निदान पांच आघात दोरानें न तुटतां सोसावे लागतात. पहिल्या आघाताचा जोर सुमारें १,२०० किलो वजनाच्या ओढीपेक्षां जास्त होतां कामा नये. दोर त्याच्या किती तरी पुढें टिकत असल्यामुळें, गांठीनें त्याचें चतुर्थांश बळ घटलें तरी चढणाऱ्याच्या जिवाला सहसा धोका पोहोंचत नाहीं. धारदार कड्यावर घासून दोर कापला जाणें आणि गांठ सुटणें, या गोष्टींचें भय त्याहून मोठें आहे.

म्हणून अलीकडच्या परीक्षकांचें लक्ष भरंवशाकडे अधिक असतें. ते गांठीला ताण देतात व सोडतात, पुन्हां ताणतात, हलवतात, भिजवतात. तिचे पदर नेहमींच्या दिशेनें न ओढतां आडव्या दिशेनेंही ओढून पाहतात. बोलाईन गांठ मोठ्या ताणानंतरही सहज सोडतां येते, हा तिचा गुण. पण भार नसतांना ती हालत राहिली तर आपण होऊन सैल होते, हाच तिचा दोष. कड्यावरून उतरण्यासाठीं दोन दोर एकत्र करून दोहोंची मिळून एक साधी गांठ मारितात, तेथें तर मोठा चमत्कार आढळला. साध्या गांठीऐवजीं इंग्रजी आठाची गांठ मारली तर ती अधिक सुरक्षित असेल असें कोणालाही वाटेल. परीक्षेंत उलट दिसलें. त्या रीतीनें मारलेली आठाची गांठ कमी ताणानेंच उलटून टोंकाकडे गडगडत जाते, आणि टोंकें आंखूड असलीं तर दोर सुटे होतात. एका कामीं जी गांठ उत्तम, ती दुसऱ्या कामीं दगा देते. शेवटें हातभर मोकळीं सोडण्याचा दंडक याचसाठीं आहे.

येथवर बळ व भरंवसा यांचा विचार झाला. पण जी गांठ मारलीच नाहीं, तिची परीक्षा कोणतें यंत्र करणार? १९८९ सालीं फ्रान्समधील ब्यू येथें लिन हिल ही जगप्रसिद्ध अमेरिकन गिर्यारोहिणी एक कडा चढून गेली. तिनें दोर पट्ट्यांतून ओंवला होता. मध्येंच लक्ष दुसरीकडे गेल्यानें गांठ पुरी करावयाची राहिली. वरून दोरावर भार देतांच ती २० मीटरांहून अधिक उंचीवरून खालीं आली. झाडाच्या फांद्यांनीं आघात सौम्य केला म्हणून ती वांचली. अशी निष्णात व्यक्ति चुकते, तर इतरांची काय कथा? म्हणूनच चढण्यापूर्वीं आपली गांठ सोबत्याला दाखवावी व त्याची आपण पाहावी, असा परिपाठ आहे. यांत कोणाचाही अविश्वास नाहीं.

विद्यार्थ्यांना घरीं करण्याजोगा एक प्रयोग सांगून लेख पुरा करितों. शिवणाचा सुती दोरा घ्या. त्याचें एक टोंक लाटण्याला आठदहा वेढे देऊन अडकवा. दुसरें तसेंच एका गुळगुळीत काठीच्या तुकड्याला गुंडाळून त्या काठीला हलकी बादली टांगा. बादली जमिनीपासून चार बोटेंच उंच असावी व पाय दूर ठेवावे. आतां पेल्यानें पाणी ओतीत जा आणि कितव्या पेल्याला दोरा तुटतो तें टिपून ठेवा. मग तशाच दोऱ्याच्या मध्यावर साधी गांठ मारून पुन्हां करा, व तिसऱ्यानें आठाची गांठ मारून. प्रत्येक प्रकार निदान पांच वेळां करावा, कारण एका वेळच्या निकालावर विसंबतां येत नाहीं. दोरा कोठें तुटला, तेंही पाहावें.

पालकांस आमची एवढीच विनंति कीं, झोपाळ्याचा, पाळण्याचा किंवा विहिरीचा दोर बदलतांना जुनी संवय नव्या दोराला लावूं नये. नवी गांठ मारावी, ती दमदार ओढून पाहावी, तिचीं टोंकें लांब ठेवावीं, आणि चार दिवसांनीं पुन्हां एकदां तिच्याकडे नजर टाकावी. आमच्या पोहऱ्यानें ही शिकवण आम्हांस स्वस्तांत दिली.