मोहिमेच्या पैशांत काय येते आणि काय येत नाही

हिमालयातल्या सहा-सात हजार मीटरच्या शिखरावर आता पैसे भरून जाता येते. परवाना, तंबू, स्वयंपाकी, दोर, भारवाहक, वाट दाखवणारा गाइड, सगळे आयोजक पाहतात. लडाखमधले नून (७,१३५ मीटर) किंवा गढवालमधले सतोपंथ (७,०७५ मीटर) अशा शिखरांवर या मोहिमा जातात, आणि सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेली मराठी मंडळीही त्यांकडे वळू लागली आहेत. या मोहिमांविषयीचे बहुतेक गैरसमज एकाच मुळातून फुटतात. पैसे दिले की धोकाही आयोजकाच्या खांद्यावर गेला, असे आपण धरून चालतो. पैशाने व्यवस्था मिळते, आणि चांगल्या व्यवस्थेचे मोल कमी नाही. पण शरीर, वेळ आणि अंतर या तिन्ही गोष्टींची पावती कोणी फाडत नाही, आणि शिखर जितके आडबाजूला तितका त्यांचा हिशेब कडक होत जातो.

व्यवस्था वाढली की नेमके काय बदलते, याचा सर्वांत चांगला पुरावा एव्हरेस्टवर मिळतो, कारण तिथल्या नोंदी सर्वांत पक्क्या आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठातले रेमंड ह्युई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिल्यांदाच एव्हरेस्टला जाणाऱ्यांचे दोन कालखंड तपासले होते. १९९० ते २००५ या काळात त्यांतले साधारण एक तृतीयांश लोक शिखरावर पोचले. २००६ ते २०१९ या काळात हे प्रमाण दोन तृतीयांशांवर गेले. मृत्यूचे प्रमाण मात्र एक टक्क्याच्या आसपासच घुटमळत राहिले. म्हणजे शिखर मिळण्याची शक्यता दुप्पट झाली, जीव वाचण्याची नाही. यावर कोणी म्हणेल, शिखरे दुप्पट झाली आणि मृत्यू तेवढेच राहिले, तर दर शिखरामागचा धोका निम्मा झालाच की. गणित बरोबर आहे. पण जाणारा माणूस शिखरांच्या सरासरीत राहत नाही. तो एकदाच पैसे भरतो आणि एकदाच जातो, आणि त्याच्या दृष्टीने दर माणशी प्रमाणच खरे. शिवाय हे एव्हरेस्टचे आकडे आहेत. तिथे हंगामात पायथ्यापासून माथ्यापर्यंत दोर बांधलेला असतो, अनुभवी शेर्पांची मोठी फळी वर-खाली करत असते, आणि आपल्या तुकडीवर संकट आले तर शेजारच्या तंबूत दुसरी तुकडी असते.

आडवाटेच्या शिखरावर यातले काहीच नसते. तरीही ‘एव्हरेस्ट आठ हजारांच्या वर, हे तर साडेसहाच, त्यात काय मोठेसे?’ असा विचार सर्रास होतो. २०१९च्या मे महिन्यात उत्तराखंडच्या पिथोरागड जिल्ह्यात जे घडले ते या विचारावर ताडून पाहावे. मार्टिन मोरन हे ब्रिटिश गाइड नंदादेवी पूर्व (७,४३४ मीटर) भागात बारा जणांची तुकडी घेऊन गेले होते. हिमालयात अनेक मोहिमा नेलेला, आपल्या व्यवसायात नावाजलेला हा माणूस. तुकडीतले आठ जण जवळच्याच ६,४७७ मीटरच्या एका अनामिक, तोवर कोणी न चढलेल्या शिखराकडे वळले: मोरन, त्यांच्यासोबतचे पाहुणे गिर्यारोहक आणि भारतीय संपर्क अधिकारी. २६ मेच्या सुमारास त्यांचा संपर्क तुटला. बेस कॅम्पवरून माणूस चालत खाली येऊन प्रशासनाला खबर मिळेपर्यंत ३१ मे उजाडला. बेस कॅम्पवरच्या बाकीच्या चौघांना २ जूनला हेलिकॉप्टरने आणले, दुसऱ्या दिवशी हवेतून काही मृतदेह दिसले, पण भारत-तिबेट सीमा पोलिसांचे गिर्यारोहक तिथवर पायी पोचले ते २३ जूनला. सात मृतदेह मिळाले, आठवा मिळाला नाही. हवेतून दिसलेल्या जागी पायाने पोचायला प्रशिक्षित जवानांना वीस दिवस लागले, यावरून त्या अंतराची कल्पना यावी.

इथे एक आक्षेप उरतो. एवढा कसलेला गाइडही गेला, तर मग सारे नशिबावरच आहे. शिकून-सवरून काय होणार? हा निष्कर्ष मला पटत नाही. डोंगरावरचे धोके दोन जातींचे. कोसळणारा हिमकडा, सुटणारा हिमप्रपात, वरून येणारे दगड, यांना चढणाऱ्याचा अनुभव कळत नाही. त्यांच्या वाटेत किती वेळ राहायचे एवढेच आपल्या हाती. दुसरी जात माणूस स्वतः आणतो: क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे बर्फावरचे खिळे) पायात अडकून पडणे, स्वतःला दोरावर नीट न अडकवणे, थकवा लपवणे, आणि उतरायला ताकद न राखणे. ही जात शिकण्याने खरोखर कमी होते. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत, दार्जिलिंगच्या हिमालयीन गिर्यारोहण संस्थेत किंवा मनालीच्या संस्थेत बेसिक कोर्स केलेला माणूस गाइडसाठी अर्धे ओझे कमी करतो. काही न शिकलेला मेंबर त्याच गाइडचे लक्ष हिमकड्यावरून आपल्या बुटांकडे ओढतो. सोबत गाइड आहे म्हणून शिकायची गरज नाही, हे म्हणूनच उलटे आहे.

आता शरीराकडे येऊ, कारण सर्वांत हट्टी गैरसमज तिथेच आहेत. ‘मी रोज दहा किलोमीटर धावतो, मला उंची लागणार नाही.’ धावण्याने पाय आणि दम तयार होतात. विरळ हवेशी जुळवून घेण्याची क्षमता त्याने वाढत नाही. उंचावर हवेत ऑक्सिजनचा वाटा कमी होतो असे मानले जाते, तेही खरे नाही. वाटा सगळीकडे एकवीस टक्क्यांच्या आसपासच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. ५,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, आणि दर श्वासागणिक हाती लागणारा ऑक्सिजनही तेवढाच. तंदुरुस्तीचे कवच इथे चालत नाही, हे भारतीय लष्कराने कोणाहीआधी मोठ्या प्रमाणावर अनुभवले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी हिमालयात अल्पावधीत उंचावर पोचवलेल्या १,९२५ जवानांच्या उंचीच्या आजाराचा अभ्यास १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. ही सारी तरुण, कसलेली माणसे होती. तंदुरुस्त माणसाला तर वेगळाच धोका असतो: त्याला भराभर चढता येते, आणि भराभर चढणे हेच आजाराचे मुख्य कारण आहे.

म्हणून उपाय एकच, वेळ. सर्वसाधारण वैद्यकीय शिफारस अशी की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. मुंबईहून लेहला विमानाने उतरणारा माणूस पहिल्याच दिवशी ३,००० मीटर ओलांडून बसलेला असतो, म्हणजे सुरुवातच उधारीवर. दोन आयोजकांच्या दरांत मोठी तफावत दिसली तर जेवणाच्या यादीपेक्षा दिवसांची यादी आधी पाहावी. मोहिमेत सर्वांत महाग असतात ते दिवस, आणि स्वस्त करायचे तर कात्री तिथेच लागते.

मग ‘डायमॉक्स घेऊ’ हे उत्तर येते. या गोळीबद्दल दोन परस्परविरोधी समज चालतात, आणि दोन्ही चुकीचे. एक म्हणतो, ती घेतली की काही होत नाही. दुसरा म्हणतो, ती लक्षणे झाकते, म्हणून घेऊच नये. डायमॉक्स म्हणजेच ॲसिटाझोलामाइड मूत्रपिंडांतून बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावते, त्याने श्वास वाढतो आणि शरीराने जे आपणहून केले असते ते थोडे लवकर होते. त्यात झाकणे नाही. पण घाई केल्यास ती तुम्हाला वाचवेल अशी हमीही नाही. लक्षणे झाकण्याचा आरोप डेक्सामेथासोन या दुसऱ्या औषधावर करावा. ते बरे वाटायला लावते पण जुळवून घ्यायला मदत करत नाही, आणि थांबवले की त्रास परत उसळू शकतो. फुप्फुसात पाणी साठणे किंवा मेंदूला सूज येणे, या दोन्हींत खाली उतरवणे हाच मूळ उपचार. औषध, ऑक्सिजन आणि दाबाची पिशवी ही त्याची सोय. २०२५च्या मे महिन्यात चार ब्रिटिश गिर्यारोहक झेनॉन वायू श्वासातून घेऊन लंडनहून निघाल्यापासून आठवड्याच्या आत एव्हरेस्टवर पोचले, तेव्हा आता वेळेची अटच संपली, असे बोलले गेले. त्या मंडळींनी घरी कित्येक आठवडे कमी ऑक्सिजनच्या तंबूत झोपून तयारी केली होती आणि वर बाटलीतला ऑक्सिजन वापरला, हे बातमीच्या मथळ्यात नव्हते. वेळ द्यावा लागलाच, फक्त तो डोंगरावर दिला नाही.

हेलिकॉप्टर हा शेवटचा आधार मानला जातो. दिदिए देलसाल यांनी १४ मे २००५ रोजी थेट एव्हरेस्टच्या माथ्यावर हेलिकॉप्टर टेकवले, हा दाखला पुढे करतात. तो चाचणी-वैमानिकाने हलक्या केलेल्या यंत्रात, चांगल्या हवेत, एकट्याने केलेला विक्रम होता. विरळ हवेत पात्यांना पकड कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. त्यात दोन माणसे आणि ढग आले की सारे गणित बदलते. नेपाळमध्ये खासगी हेलिकॉप्टरे बरीच आहेत. भारतात मात्र दुर्गम खोऱ्यात मदत बहुधा जिल्हा प्रशासनामार्फत लष्कर किंवा वायुदलाकडूनच येते. त्यातच थुराया किंवा इरिडियमसारखे उपग्रह फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणे हा गुन्हा आहे, त्यामुळे विदेशी मोहिमांच्या व्हिडिओत दिसणारी ‘बटण दाबले की मदत’ इथे गृहीत धरता येत नाही. मदत येईपर्यंत जखमी माणसाला उतरवायला सहा-आठ धडधाकट माणसे लागतात. दहा मेंबर आणि तीन गाइड अशी मोहीम असेल, तर ती माणसे कोण, हे आधीच मोजून पाहावे.

गाइड मागे फिरा म्हणेल तेव्हा फिरावे, हे सगळ्यांना मान्य असते. मात्र ज्याने पैसे घेतले त्यालाच हे म्हणणे जड जाते, हे फारसे बोलले जात नाही. १९९६च्या एव्हरेस्ट दुर्घटनेतले गाइड रॉब हॉल यांनी आपले ग्राहक डग हॅन्सन यांना आदल्या वर्षी शिखराच्या जवळून परत फिरवले होते. १९९६ मध्ये हॅन्सन परत आले आणि दुपारी दोनची परतीची वेळ उलटून गेल्यावरही वर जात राहिले. ते पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. दोघेही परतले नाहीत. तेव्हा परतीची वेळ निघण्याआधी, मेंबरच्या तोंडूनच ठरलेली बरी. ‘शिखर शंभर टक्के’ अशी जाहिरात करणारा आयोजक ती वेळ पाळणार नाही, हे त्याने स्वतःच सांगितलेले असते.

‘ट्रेकिंग पीक’ या नावावरही विसंबू नये. नेपाळमध्ये ही परवान्याची वर्गवारी आहे, चढाईच्या सोपेपणाची नव्हे. त्याच यादीत मेरा (६,४७६ मीटर) आहे आणि कुसुम कांगरूसारखे तांत्रिकदृष्ट्या अवघड शिखरही. विम्याचेही तसेच: अनेक पॉलिसींमध्ये ठरावीक उंचीच्या वरचे किंवा दोर वापरून केलेले गिर्यारोहण वगळलेले असते, आणि हेलिकॉप्टर मागवण्यापूर्वी कंपनीची मंजुरी घ्यावी लागते. शिखराची उंची आणि पॉलिसीतली उंची, हे दोन आकडे पैसे भरण्यापूर्वीच शेजारी ठेवून पाहावेत, आणि मंजुरीचा फोन कोण, कुठून करणार, हे आयोजकाकडून लेखी घ्यावे.