ग्रह दिसत नाही, तरी त्याची हवा कळते

इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या सहा हजारांहून अधिक ग्रहांची आता नोंद झाली आहे. ज्यांच्या वातावरणाबद्दल काही ठाम सांगता येते, असे ग्रह त्यांत थोडेच. ही सारी माहिती बहुतांशी एका साध्या गणितावर उभी आहे, ते म्हणजे वजाबाकी. ग्रह ताऱ्यासमोर असताना मिळालेला प्रकाश आणि तो बाजूला असताना मिळालेला प्रकाश यांतला फरक काढायचा आणि तो फरक वाचायचा. या विषयातले बरेच गैरसमज ही वजाबाकी नजरेआड झाल्यामुळे पसरतात.

गैरसमज १ : मोठ्या दुर्बिणीतून ग्रहाचे छायाचित्र घेतात आणि त्यावरून वातावरण ओळखतात.

वस्तुस्थिती : बातम्यांसोबत येणारी निळी-तांबूस चित्रे चित्रकारांनी काढलेली असतात. थेट छायाचित्र मिळते ते तरुण, तप्त आणि आपल्या ताऱ्यापासून दूर असलेल्या मोजक्या महाकाय ग्रहांचे, तेही ठिपक्याएवढे. बाकीचे ग्रह ताऱ्याच्या लखलखाटात हरवतात. मात्र ग्रहाचे अधिक्रमण होते, म्हणजे तो ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा थोडा तारकाप्रकाश त्याच्या कडेच्या हवेतून गाळून आपल्यापर्यंत येतो. प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, त्यामुळे त्या तरंगलांबीत ग्रह किंचित मोठा भासतो. सुमारे १६० प्रकाशवर्षांवरचा ‘एचडी २०९४५८ बी’ समोर आला की त्याचा तारा दीड टक्क्याने मंदावतो. डेव्हिड शार्बोनो आणि सहकाऱ्यांना हबल दुर्बिणीच्या नोंदींत असे दिसले, की सोडियमच्या तरंगलांबीत ही घट आणखी जेमतेम ०.०२ टक्क्यांनी वाढते. २००१ मध्ये जाहीर झालेला हा निष्कर्ष म्हणजे बाह्यग्रहाच्या वातावरणाचा पहिला पुरावा.

गैरसमज २ : हे काम फक्त अवकाशातल्या दुर्बिणींनाच जमते.

वस्तुस्थिती : जमिनीवरून पाहताना पृथ्वीची स्वतःची हवा आड येते, हे खरे. पण ग्रह वेगाने फिरत असल्याने त्याच्या वायूंच्या रेषा वर्णपटात सतत सरकतात आणि पृथ्वीच्या हवेच्या रेषा जागच्या जागी राहतात. या फरकामुळे दोन्ही वेगळ्या काढता येतात. चिलीतल्या ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’ने २०१० मध्ये याच ‘एचडी २०९४५८ बी’वर कार्बन मोनॉक्साइड टिपला. एवढेच नाही, तर सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याची चाहूलही त्यातून लागली.

गैरसमज ३ : वातावरणाचा अभ्यास म्हणजे वायूंची यादी.

वस्तुस्थिती : यादी ही सुरुवात आहे. ‘वॅस्प-३९ बी’ या शनीएवढ्या वस्तुमानाच्या तप्त ग्रहावर जेम्स वेब दुर्बिणीला २०२२ मध्ये कार्बन डायऑक्साइड सापडला आणि पाठोपाठ सल्फर डायऑक्साइड. ताऱ्याच्या अतिनील किरणांमुळे हवेत जी रासायनिक क्रिया चालते, तिच्यातून हा दुसरा वायू तयार झाला आहे. पुढे याच ग्रहाच्या दोन कडांची तुलना झाली. जिथे संध्याकाळ आहे ती कड सुमारे ८०० अंश सेल्सिअस, तर पहाटेची सुमारे ६०० अंश निघाली.

गैरसमज ४ : ग्रह पृथ्वीएवढा आणि वसतियोग्य पट्ट्यात असला, की वातावरण असणारच.

वस्तुस्थिती : हा पट्टा ताऱ्यापासूनचे अंतर आणि उष्णता यांचा हिशेब सांगतो, त्या हिशेबात वातावरण आधीच गृहीत धरलेले असते. ४० प्रकाशवर्षांवरच्या ‘ट्रॅपिस्ट-१’ या लाल बटू ताऱ्याला पृथ्वीसारखे सात ग्रह आहेत. सर्वांत आतला ‘बी’ ताऱ्यामागे गेल्यावर किती उष्णता कमी होते, हे जेम्स वेबने मोजले. त्याची दिवसाची बाजू सुमारे २३० अंश सेल्सिअस निघाली. दाट हवा असती तर तिने ही उष्णता रात्रीच्या बाजूकडे वाहून नेली असती. शेजारच्या ‘सी’वरही शुक्रासारखे दाट वातावरण नसल्याचे दिसले. वसतियोग्य पट्ट्यातल्या ‘ई’चा प्रश्न अजून सुटलेला नाही, कारण ताऱ्यावरचे डाग वर्णपटात स्वतःच्या खुणा मिसळतात. ताराच नीट कळला नाही, तर वजाबाकीही चुकते.

गैरसमज ५ : जीवांशी जोडलेला वायू सापडला, म्हणजे जीवसृष्टी सापडली.

वस्तुस्थिती : सिंह राशीत १२४ प्रकाशवर्षांवर असलेल्या ‘के२-१८ बी’चा इतिहास इथे डोळ्यांसमोर ठेवावा. २०१९ मध्ये हबलच्या नोंदींवरून तिथे पाण्याची वाफ असल्याचे जाहीर झाले. २०२३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातले निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांना जेम्स वेबच्या नोंदींत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आढळले. आधी पाण्याची वाटलेली खूण मिथेनची असावी, असे दिसू लागले. २०२५ मध्ये त्याच गटाने डायमिथाइल सल्फाइडचा किंवा त्याच्या जवळच्या संयुगाचा संकेत मांडला. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः सागरी सूक्ष्मजीवांपासून येतो. पण असा संकेत योगायोगाने मिळण्याची शक्यता ०.३ टक्के होती. शोध मान्य होण्यासाठीचा दंडक याहून कितीतरी कडक आहे. इतर गटांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा संकेत फिका पडला. शिवाय डायमिथाइल सल्फाइड ‘६७पी’ या धूमकेतूवरही सापडले आहे, आणि तिथे समुद्र नाही.

ऑक्सिजनचेही तसेच. अतिनील किरणांनी पाण्याचे रेणू फुटले आणि हायड्रोजन अवकाशात निसटला, तर जीवांविना ऑक्सिजन मागे उरतो. उलट पृथ्वीवर जीव अवतरल्यानंतर एक अब्जाहून अधिक वर्षे हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता.

म्हणून अशी पुढची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत. संकेत किती ठळक आहे? दुसऱ्या गटाला त्याच नोंदींत तो दिसला का? आणि तो वायू जीवांविना तयार होऊ शकतो का? हे प्रश्न उत्साह मारण्यासाठी नाहीत. शंभर प्रकाशवर्षांपलीकडच्या हवेतला मिथेन आपण ओळखू शकतो, ही माणसाच्या बुद्धीची फार मोठी झेप आहे. पृथ्वीबाहेरची पहिली जीवसृष्टी खरोखर सापडेल, तेव्हा ती या तिन्ही प्रश्नांना पुरून उरलेली असली पाहिजे.